गाडीला पाणी टाकलं का?

माझे वडील आयुष्यभर ड्रायव्हर होते. अकोल्याकडे एका सरकारी खात्यात जीप चालवायचे. उन्हाळ्यात तिकडे दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि साहेबांना नेमकं त्याच वेळात गावोगाव फिरायचं असायचं. त्यामुळे बाबांची सकाळ ठरलेली होती. उठायचं, तोंड धुवायचं, बॉनेट उघडायचं, रेडिएटरमधलं पाणी बघायचं, कमी असेल तर घालायचं आणि मग चहा. आईने चहा आधी आणला तर कप ओट्यावर तसाच निवायचा. "आधी तिले, मंग मले," म्हणायचे. तिले म्हणजे जीपला. आई म्हणायची, या घरात माझा नंबर तिसरा.

आई गेली, आणि वर्षभराने बाबा पुण्यात माझ्याकडे राहायला आले. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. मी आणि माझा भाऊ दोघांनी बजावून सांगितलं होतं, ट्रेनने या, गाडी आपण नंतर बघू. कशाचं काय! निवृत्तीनंतर घेतलेली पांढरी छोटी गाडी घेऊन हे गृहस्थ पहाटे निघाले आणि संध्याकाळी कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या दारात हजर. मी खाली धावत गेले, तर ते बॉनेट उघडून उभे. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "पाणी दे जरा. मले नाही, हिले."

पुणे त्यांना मानवलं असं काही म्हणता येणार नाही. माझा नवरा कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. मी येरवड्याला एका कार्यालयात नोकरीला, सकाळी नऊला बाहेर पडले की संध्याकाळी सातला घरी. सोसायटीतले लोक सभ्य, पण ते 'नमस्कार' म्हणून पुढे जाणारे सभ्य. बाबांना तेवढ्याने भागत नाही. त्यांना गप्पा लागतात, आणि त्या त्यांच्या वऱ्हाडीत लागतात. मी तीस वर्षं पुण्यात राहून इथल्यासारखंच बोलायला लागले आहे. "तू तं पक्की पुण्याची झाली, बाई," ते म्हणतात. हे कौतुक नसतं.

त्यांचं पुण्यात एकच माणूस होतं. त्याच खात्यात जीप चालवलेला त्यांचा मित्र मुलाकडे कात्रजला राहायला आला होता. दर रविवारी सकाळी बाबा गाडी काढून कात्रजला जायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. तिथे दोघं काय बोलायचे देव जाणे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "गाड्याच्या गोठी." चार तास गाड्यांच्या गोष्टी! पण कात्रजहून आले की दोन दिवस घरात शीळ वाजायची.

पाणी घालायचा नेम पुण्यातही चालूच राहिला. रोज सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरातल्या फिल्टरची बाटली भरून खाली. यावरून आमची भांडणं व्हायची. मी म्हणायचे, अहो बाबा, प्यायचं पाणी आहे ते! तर म्हणे, बोअरचं टाकलं तर आत क्षार बसतात. मी म्हणायचे, आताच्या गाड्यांना पाणी नसतं घालायचं, कूलंट घालतात. गल्लीतल्या मेकॅनिकने मागे एकदा हिरवंगार कूलंट भरूनही दिलं होतं. बाबांनी त्यात रोज थोडंथोडं पाणी घालून, आमच्या लहानपणीच्या दूधवाल्याला लाजवेल इतकं ते वाढवलं. दोन महिन्यांत त्याचा हिरवा रंग ओळखू येईना.

"आणि मुळात," मी एकदा शहाणपण पाजळलं, "रोज पाणी कमी होतंच कसं? म्हणजे कुठेतरी गळतंय. गाडी दाखवून घ्या."

"थोडं पितेच ते," बाबा म्हणाले.

मी बरोबर होते, बरं का. पण बरोबर असून मी काय केलं? काही नाही. ऐकवायचं आणि ऑफिसला निघून जायचं, अशी माझी पद्धत. गाडी दाखवायला न्यायचं काम मात्र कधी मी केलं नाही.

मग मागच्या वर्षाच्या सुरुवातीला दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. एकदा सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली. आणि एकदा भर कर्वे रस्त्यावर, सिग्नल हिरवा झाल्यावर, गाडी बंद पडली. मी शेजारी बसले होते. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक मोटरसायकलवाला काचेपाशी थांबून म्हणाला, "आजोबा, घरी बसा की आता." बाबांनी शांतपणे किल्ली फिरवली आणि गाडी चालू केली. लाजेने लाल झाले ते मी. त्या पोराला दोन शब्द सुनवायचे सोडून मी बाबांवर चिडले. घरी आल्यावर भावाला फोन लावला. तो बेंगळुरूला बसून म्हणाला, "किल्ली काढून घे ताई." सांगायला काय जातं!

किल्ली काढून घ्यायची हिंमत मला झाली नाही. म्हणून मी अट घातली. जेवणाच्या टेबलावर, अगदी मुख्याध्यापिकेच्या थाटात. "पुन्हा एकदा गाडी रस्त्यात बंद पडली, तर किल्ली माझ्याकडे. मग चालवायचं बंद."

बाबांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं. बोली झाली."

मला वाटलं होतं वाद घालतील. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

एप्रिलमध्ये त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, गाडी तर अजिबात नाही. पाण्याची जबाबदारी माझ्यावर आली. बाबा काळा चष्मा लावून गॅलरीत उभे राहायचे आणि मी पार्किंगकडे निघाले की वरून विचारायचे, "पाणी टाकलं का?" आमच्या गॅलरीतून गाडीचं तोंड दिसत नाही, फक्त मागची बाजू दिसते.

पहिले दोन दिवस मी खरोखर टाकलं. बॉनेटचा तो खटका सापडत नाही, हाताला काळं लागतं, साडीला लागेल म्हणून जीव वर-खाली. तिसऱ्या दिवशी मीटिंग होती, उशीर झाला होता. वरून प्रश्न आला आणि मी बॉनेटला हातही न लावता मान वर करून म्हटलं, "टाकलं, बाबा!"

इतकं सोपं होतं ते. चौथ्या दिवशी त्याहून सोपं. नंतर तर बाटली भरायचं नाटकही मी सोडून दिलं, रिकामीच खाली न्यायचे. मनात म्हणायचे, बंद यंत्रणा असते ती, पाणी लागतच नाही, म्हाताऱ्याची खोड आहे नुसती. गळत असणार हे मीच म्हटलं होतं, ते सोयीस्कर विसरले.

आणि भरीस भर म्हणजे त्या दिवसांत मी स्कूटर सोडून गाडीच वापरायला लागले होते. कर्वेनगर ते येरवडा, एसी लावून, रेडिओ लावून. काय सुख होतं हो! तापमानाचा काटा रोजच्यापेक्षा वर असायचा, तो मला दिसायचा. मला वाटायचं, उन्हाळा आहे, असणारच. वर म्हणजे किती वर हे बाबांना विचारावं, असं एकदाही डोक्यात आलं नाही.

तीनेक आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, दिवसा, जवळच्या जवळ गाडी चालवायला हरकत नाही. वाकणं आणि ओझं उचलणं मात्र अजून काही दिवस नको. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच बाबा म्हणाले, "कात्रज जवळच हाय."

रविवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते तयार. मित्रासाठी चिवड्याचा डबा घेतला होता. मी म्हटलं, मीही येते. सोबत म्हणून म्हटलं, पण खरं सांगायचं तर परीक्षा घ्यायला निघाले होते. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "पाणी टाकलं का?"

"टाकलं, बाबा."

त्यांनी मान हलवली, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी काढली.

वारज्यावरून आम्ही हायवेला लागलो. मी चुका मोजायला बसले होते, आणि मोजायला एकही चूक सापडेना. ट्रकला योग्य अंतर, वेळेवर इंडिकेटर, गिअर बदललेला कळतसुद्धा नव्हता. तीन आठवडे घरात बसलेला माणूस खुलला होता. म्हणाले, "आता दोन्ही डोयानं पाट्या वाचता येऊन राह्यल्या." आणि खरंच दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चालले. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. वाटलं, कशाला मेली ती अट घातली आपण.

कात्रजच्या चढाला लागलो आणि पुढे वाहनं तुंबलेली. मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. तेवढ्यात कसलातरी गोडसर वास आला. मी पर्समध्ये बघायला लागले, काही सांडलं की काय म्हणून. बाबांनी मात्र काट्याकडे बघितलं, एसी बंद केला, चारही काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. मे महिन्यात हीटर!

"अहो, हे काय करताय?"

"इंजिनची गरमी आत घेऊन राह्यलो. बस चूप."

डाव्या बाजूला एका रसवंतीपुढे जागा होती. त्यांनी हात दाखवत, इंडिकेटर देत गाडी हळूच तिथे घेतली आणि बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी घाबरून खाली उतरले, खटका ओढला, बॉनेट वर केलं आणि झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नको!"

इतक्या जोरात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. लहानपणीसुद्धा नाही. रसवंतीवालासुद्धा चरक थांबवून बघायला लागला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वाफेनं सोलून निघंन हात. थंडी होऊ दे तिले. रस पी."

पाऊण तास आम्ही बाकड्यावर बसलो. माझा रस ग्लासात तसाच होता. बाबांनी दोन ग्लास घेतले. एका साहेबाने कसं घाईघाईत झाकण उघडलं होतं आणि महिनाभर हाताला पट्टी बांधून सह्या केल्या होत्या, ती गोष्ट सांगितली. मी हसले नाही. पुढे काय दिसणार आहे हे मला आधीच ठाऊक होतं.

मग ते उठले. रुमाल ओला करून घेतला आणि मी नको नको म्हणत असताना इंजिनावर वाकले. कूलंटची पांढरी बाटली कोरडी ठाक होती. त्यांनी त्या बाटलीच्या झाकणाकडे बराच वेळ बघितलं. मग त्यावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं आणि पँटला पुसला. आता विचारतील, मला वाटलं. आता मान वर करून म्हणतील, रोज काय टाकत होती?

त्यांनी विचारलं नाही. रेडिएटरच्या झाकणावर ओला रुमाल ठेवून ते आधी थोडं फिरवलं, उरलेली वाफ जाऊ दिली, मग काढलं. रसवंतीवाल्याकडून पाण्याचा जग घेतला, मला गाडी चालू करायला लावली आणि बारीक धारेने, थांबत थांबत पाणी ओतलं. काटा खाली आला. झाकणं घट्ट लावली. मग गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"तू तं रोज टाकत होती," म्हणाले. "मंग गाडीच म्हातारी झाली."

आणि पलीकडे जाऊन शेजारच्या सीटवर बसले. किल्ली गाडीलाच होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "राहू दे तुझ्यापाशी. बोली झाली होती."

तिथे बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, 'बाबा, मी पाणी टाकलंच नव्हतं.' जिभेच्या टोकावर होतं. पण मी काय केलं, तर सुटकेचा श्वास टाकला. पकडले गेले नाही याचा आनंद झाला मला, पन्नाशीच्या बाईला, लहान पोरीसारखा. गाडी वळवली आणि घरी आणली. कात्रज तिथून दहा मिनिटांवर होतं. चिवड्याचा डबा त्यांच्या मांडीवर तसाच.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बघितलं. पाइपाच्या क्लिपपाशी झिरपत होतं, म्हणाला, आजचं नाही, बरेच महिने झाले असणार.

"काका रोज बघत होते म्हणून ही गाडी चालत होती, मॅडम. हल्ली बघितलं नाहीत वाटतं?"

"नाही," मी म्हटलं.

मेकॅनिकला खरं सांगता आलं, बघा. त्याने पाइप बदलला, सगळं पाणी काढून नवं कूलंट भरलं आणि वर पुणेरी आहेर दिला, "आता नुसतं पाणी ओतू नका. पण अधूनमधून बघायला बंदी नाहीये."

किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली. बाबांनी चेहरा पाडला नाही, जेवण कमी केलं नाही. सकाळी उठायचे, तोंड धुवायचे आणि थेट चहा घ्यायचे. पहिल्या दिवशी ते बघून मला भडभडून आलं. मी म्हटलं, रविवारी टॅक्सी बोलावून देते, कात्रजला जाऊन या. तर म्हणाले, "मांगच्या सीटवर बसून जाऊ? तिथं साहेब बसते." पुढच्या रविवारी मी म्हटलं, मी सोडते. तर म्हणाले, "पाहू." असे तीन रविवार गेले. शीळ बंद झाली.

तिसऱ्या रविवारी मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते आणि बाबा बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होते. पलीकडे कात्रजचा मित्र, तो इतका मोठ्याने बोलतो की फोनची गरजच नाही. "काऊन येऊन नाही राह्यला बे? पोरीनं गाडी बंद केली का?"

"छे, छे," बाबा म्हणाले. "पोट्टीचं काही नाही. ते तं रोज पाणी टाके गाडीले, माह्या ऑपरेशनात. मलेच आता जमत नाही. मीच सोडली."

सुरी माझ्या हातातच राहिली. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस त्याच्या जुन्या सोबत्याला सांगत होता की मला आता जमत नाही. आणि ते साफ खोटं होतं, आणि माझ्यासाठी होतं.

त्यांनी फोन ठेवला तशी मी तशाच चिकट हातांनी बाहेर गेले आणि त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, मी पाणी टाकत नव्हते. दोन दिवस टाकलं, मग नाही. रोज खोटं सांगत होते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मालूम हाय मले."

"केव्हापासून?"

"तिथंच कळलं. झाकनावर धूळ बसेल होती. रोज उघडलं त्याच्यावर धूळ बसते का?"

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी चिडते. "मग बोलला का नाहीत? तिथल्या तिथे माझी खरडपट्टी काढायची होती! किल्ली कशाला दिलीत?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग अगदी सरळ, कसलाही टोमणा नसलेल्या आवाजात म्हणाले, "मले वाटलं, तुले किल्लीच पायजे असंन. तोंडानं मांगाले जड गेलं असंन तुले. म्हणून पाणी नसंन टाकलं."

मी हादरले. पोरीने मुद्दाम गाडी बंद पाडली, आपल्याला गाडीवरून उतरवायला, असं समजून हा माणूस तीन आठवडे माझ्या हातचं जेवत होता, आणि तरीही फोनवर माझी बाजू घेत होता.

"नाही हो बाबा," मी म्हटलं. "आळस होता नुसता. देवाशपथ आळस."

"असंन," ते म्हणाले.

आणखी शपथा घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्या रसवंतीपुढे गाडी थांबली तेव्हा, वाफेची भीती वाटायच्याही आधी, एक क्षणभर माझ्या मनात आलं होतं: झालं, आता किल्ली माझी. बाबांना मी तेही सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, जवळही घेतलं नाही.

मी हात धुऊन आले, पर्समधून किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. ती त्यांनी लगेच घेतली नाही. माझ्याकडे बघत राहिले. ऑपरेशन झालेला डोळा आता स्वच्छ दिसत होता. मग किल्ली घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"उद्या जाईन कात्रजले," म्हणाले. "तू नको येऊ."

"बरं," मी म्हटलं.